बुलेटला कुठला सायलेन्सर? ओरिजिनल, बाटली, गोल्डस्टार की इंदोरी

गाडी कुठली आहे ते आधी सांगा, सायलेन्सरचं नंतर बघू. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे आमच्या गाड्या गेली सतरा वर्षं जातात, त्यांचा प्रत्येक पोराला हाच पहिला प्रश्न असतो. पोरगं मोबाइल पुढं करून म्हणतं, ‘मिस्त्री, हा आवाज पाहिजे.’ मिस्त्री मोबाइलकडं बघत नाहीत, हात पुसत बाहेर येऊन गाडी बघतात. कारण बहुतेक वेळा व्हिडिओतली गाडी जुनी कास्ट आयर्नची, म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या इंजिनाची असते आणि पोराची असते २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक. दोघींचं इंजिन वेगळं, म्हणून गळाही वेगळा. सायलेन्सर म्हणजे फार तर ओठ. त्यानं सूर थोडा फिरतो, गळा तोच राहतो.

आमच्या घरात सध्या दोन बुलेट आहेत. एक वडिलांची १९९४ ची कास्ट आयर्न ३५० आणि दुसरी धाकट्या भावाची २०१४ ची यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) क्लासिक. दाजींकडे इंटरसेप्टर ६५० आहे, आणि गेल्या दिवाळीत चुलतभावानं नवी जे-सिरीज क्लासिक घेतली. या चारही गाड्यांवर मिळून सात-आठ सायलेन्सर लावून, काढून, परत लावून ऐकले आहेत. त्या अनुभवावरून लिहितोय. पैसे घालायच्या आधी हे वाचा, निदान चुकीचा पाइप तरी घरी येणार नाही.

ठोका येतो कुठून

बुलेट ३५० म्हणजे एक सिलिंडर, चार स्ट्रोक. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एकदा पेट्रोल पेटतं. गाडी हजार आरपीएमवर (मिनिटाला हजार फेरे) उभी असेल तर सेकंदाला साधारण आठ ठोके पडतात. आठ ठोके एकेक करून मोजता येत नाहीत, पण एकसंध सूरही ऐकू येत नाही. त्यामधलं काहीतरी ऐकू येतं. तेच डुगडुगणं आपल्याला आवडतं. जुन्या पॉइंटवाल्या (ठिणगी पाडायला यांत्रिक कळ असलेल्या) गाडीचा स्लो रेस, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, याच्याही बराच खाली उतरवता येतो, कारण फ्लायव्हील जड आहे आणि स्ट्रोक लांब आहे: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. वडिलांची गाडी सकाळी गरम झाली की मी कधीकधी सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरतो. गरम हवेच्या टिचक्या एकेक करून हातावर बसतात, सावकाश बोललं तर मोजताही येतात. दोन टिचक्यांच्या मधली ती रिकामी जागा, तीच या आवाजाची गोडी आहे. सायलेन्सर निवडताना मी एवढंच तपासतो, की ती जागा राहते का भरून जाते.

यूसीई इंजिन २००९ च्या आसपास आलं. बोअर-स्ट्रोक तेच, ३४६ सीसी, पण इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. ठोका तोच, जरा घाईचा. स्लो रेस खाली ओढायला गेलं तर गाडी बंद पडते, आणि ऑइलचा दाबही कमी होतो, म्हणून ओढूही नये.

जे-सिरीज मात्र नवीनच इंजिन आहे. मीटिओरमध्ये नोव्हेंबर २०२० ला आलं, क्लासिकमध्ये सप्टेंबर २०२१ ला. ३४९ सीसी, बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, आणि आत बॅलन्सर शाफ्ट. हँडल आणि फूटरेस्टमधली थरथर गेली. बुलेटचा जो आवाज आपण म्हणतो त्यातला बराचसा भाग खरं तर अंगात जाणवणारी थरथर होती, हे ही गाडी चालवल्यावर कळतं. सायलेन्सर बदलून ती थरथर परत येणार नाही. चुलतभावाला हे पटायला दोन महिने लागले.

सायलेन्सरच्या आत काय असतं

बाहेरून सगळे नळीच दिसतात. आत तीन प्रकार.

पहिला कप्प्यांचा. आत पत्र्याच्या आडव्या भिंती असतात, हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घेत जाते आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मरतात. कंपनीचे बहुतेक सायलेन्सर असेच. दुसरा जाळीचा: मधोमध भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर. हवा सरळ जाते, आवाज लोकरीत मुरतो. लोकर वरचे, कानाला टोचणारे सूर आधी खाते आणि खालचा घुमारा सोडते. तिसरा प्रकार म्हणजे पोकळ डबा, किंवा आतलं सगळं कापून काढलेला ओरिजिनल. त्यात आवाज कमी करणारं काहीच नसतं, उलट पत्राच स्वतः वाजायला लागतो.

चांगला आवाज पाहिजे असेल तर पहिल्या दोनांतूनच निवडा. तिसऱ्याबद्दल पुढं लिहिलंय, पण ते तुम्ही घेऊ नये म्हणून.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. चालवणारा सायलेन्सरच्या तोंडाच्या पुढं बसलेला असतो आणि आवाज मागं फेकला जातो. वर हेल्मेट, वर वारा. त्यामुळं आपल्याला आपल्या गाडीचा आवाज नेहमी कमीच वाटतो, आणि मागच्या रिक्षातल्या माणसाला तो दुप्पट वाटतो. पुष्कळ पोरं या फरकामुळंच आणखी मोठा, आणखी मोठा पाइप घेत जातात. पाइप ऐकायचा असेल तर आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्या, पन्नास पावलं लांब उभं राहा आणि ती जवळ येताना, शेजारून जाताना, लांब जाताना अशी तिन्ही वेळा ऐका. दुकानासमोर उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळून ऐकलेला आवाज काहीच सांगत नाही.

ओरिजिनल आणि बाटली

कास्ट आयर्नच्या गाडीला मी आजही ओरिजिनल लांब सायलेन्सरच सांगेन, पण चांगल्या अवस्थेतला. तीस वर्षं जुन्या गाडीवरचा ‘ओरिजिनल’ बहुधा आतून सडलेला असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी रोज फक्त मंडईपर्यंत जाऊन परत येत असेल तर सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ आतच थंड होते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेर क्रोम चकचकीत, आत कप्पे पडलेले. मग गाडी खुळखुळते आणि मालक म्हणतो, ओरिजिनलचा आवाज आवडत नाही! आमच्या गाडीचंही हेच झालं होतं. जुन्या मापाचा नवा सायलेन्सर बसवला त्या दिवशी वडील अंगणात येऊन नुसते उभे राहिले. चौऱ्याण्णव साली शोरूममधून घरी आणली तेव्हा अशीच वाजत होती म्हणाले.

शॉर्ट बॉटल, म्हणजे आपली बाटली, ही त्याची धाकटी बहीण. लांबी कमी, पोट जरा फुगीर. कप्पे कमी असल्यामुळं ठोका थोडा पुढं येतो, कडक होतो. गावातून संथ जाताना छान लागते. ऐंशीच्या वेगानं हायवेला सलग तासभर गेलात तर मात्र डोक्यात घुमायला लागते. कास्ट आयर्न आणि यूसीई दोन्हींना चालते. बाजारात बाटलीच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात फरक फार असतो. जाड पत्र्याची, आत खरे कप्पे असलेली बाटली हातात घेतली की वजन लागतं. हलकी बाटली पोकळ समजा.

लांब बाटलीचाही एक प्रकार मिळतो. ज्याला ओरिजिनलपेक्षा किंचित भरदार पण शेजाऱ्यांना न जागवणारा आवाज हवाय, त्यानं ती ऐकून बघावी. मला ती ओरिजिनलच्या इतकी जवळची वाटली, की वेगळे पैसे घालावेसे वाटले नाहीत.

गोल्डस्टार

सगळ्यात जास्त विचारला जाणारा हाच. नाव आलंय बीएसए गोल्ड स्टार या ब्रिटिश गाडीवरून, जी १९३८ ते १९६३ या काळात तयार होत होती. तिच्या निमुळत्या सायलेन्सरची एक खासियत होती: वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आतून चिवचिवाटासारखा आवाज निघायचा. आपल्या बाजारातल्या गोल्डस्टारनं त्या गाडीचा आकार घेतलाय. चिवचिवाट घेतलेला मी तरी ऐकला नाही. पण आकारात काही दम आहेच. मागं रुंद होत जाणारी नळी आणि शेवटी चेपलेलं तोंड, यामुळं ठोका गोल येतो.

यूसीई क्लासिकवर जाळी आणि ग्लासवूलचा गोल्डस्टार हा माझ्या मते आवाजाच्या बाबतीत सगळ्यात चांगला जोड आहे. भावाच्या गाडीवर तो चार वर्षं होता. पन्हाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढताना जो आवाज यायचा तो जड दार उघडल्यासारखा, खालच्या पट्टीतला. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हलकं गुरगुरणं. बाजूनं जाणाऱ्या म्हशीसुद्धा बिचकत नव्हत्या, आणि हे मी कौतुकानं सांगतोय.

पण चार वर्षांत ते राहिलं नाही. ग्लासवूल कायम टिकत नाही. गरम हवा तिला रोज थोडी थोडी भुगा करून बाहेर काढते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सायलेन्सरच्या तोंडाशी पिवळसर सोनेरी केसांसारखे धागे दिसायला लागले. आवाज आधी उघडा झाला, मग पत्र्याचा यायला लागला. रोज चालवणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही, कारण बदल रोज तसूभर होतो. मिस्त्रींनी मागची टोपी खोलली तर आत नळी जवळजवळ नागडी. नवी लोकर घट्ट गुंडाळून भरली आणि जुना सूर परत आला. म्हणून गोल्डस्टार घ्यायचाच असेल तर मागची टोपी स्क्रूनं किंवा रिव्हेटनं बसवलेला घ्या. वेल्डिंग केलेला घेतलात तर लोकर संपली की सायलेन्सरच संपला. लोकर भरताना हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधा. तिचे कण कातडीत शिरले की दोन दिवस खाजवत बसावं लागतं.

कास्ट आयर्नच्या गाडीवर गोल्डस्टार मला तितका रुचला नाही. त्या इंजिनाचा ठोका आधीच संथ आणि सुटा आहे. मोकळ्या पाइपमध्ये तो पसरट होतो. मिस्त्रींचं मत वेगळं आहे, ते म्हणतात जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) नीट लावलेस तर आवडेल. असेल.

जेटचा मुद्दा मात्र कार्ब्युरेटरवाल्या सगळ्या गाड्यांना लागू. मोकळा सायलेन्सर लावला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फाट-फाट फुटतं, इंजिन जास्त तापतं, प्लगचं टोक पांढरं पडतं. मेन जेट एक माप मोठा टाकून, स्क्रू जुळवून ते नीट करावं लागतं. फुटण्याचं दुसरं कारण याहून साधं असतं: बेंड पाइप (इंजिनातून निघणारी वाकडी नळी) आणि सायलेन्सरच्या जोडातून हवा आत शिरते. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर पॅकिंग बदला, अर्धी फटाकेबाजी तिथंच थांबते. काही पोरांना ते फुटणंच आवडतं. मला विचाराल तर ती गाडीची तक्रार आहे, ऐकून घ्यावी.

इंदोरी, पंजाब आणि बाकीची मंडळी

मोठ्या तोंडाचा, आत जवळजवळ रिकामा, भोंग्यासारखा वाजणारा पाइप आपल्याकडं इंदोरी किंवा पंजाब नावानं विकला जातो. एक वर्ष मी तो लावला होता असं सांगायला मला आवडलं असतं, म्हणजे अनुभव मोठा वाटला असता, पण आमच्या गाडीवर तो अकरा दिवस होता. मी सकाळी सहाला गाडी काढायचो. शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली होती. काकू एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. फक्त माझ्या हातात किल्ली दिसली की खिडकीशी येऊन दोन्ही तावदानं ओढून घ्यायच्या, आणि मी वळणावर गेलो की परत उघडायच्या. अकराव्या दिवशी मी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं सुरू केली. त्याच संध्याकाळी पाइप उतरवला.

आवाजाच्या दृष्टीनंही तो वाईटच. ठोक्यांमधली जागा त्यात भरून जाते. तोंड रुंद असल्यानं प्रत्येक ठोका पसरतो, पुढच्यात मिसळतो आणि नुसता दणका उरतो. दहा मिनिटं मजा येते. शिवाय खालचा जोर जातो. सायलेन्सर मोकळा केला की पिकअप वाढतो ही समजूत या गाड्यांबाबत चुकीची आहे. हवा बाहेर जाताना नळीत दाबाच्या लाटा तयार होतात आणि नळीची लांबी-रुंदी त्या लाटांशी जुळवलेली असते. ती जुळणी मोडली की कमी आरपीएमला इंजिन दम सोडतं, आणि बुलेट तर आपण कमी आरपीएमलाच चालवतो. आंबोली घाटात दोघं बसून चढताना हे लगेच कळतं.

हाच प्रकार आरएक्स १०० किंवा जुनी येझदी अशा टू-स्ट्रोक गाडीला केला तर त्याहून मोठं नुकसान. तिथं सायलेन्सरचा फुगीर भाग हा इंजिनाचाच भाग असतो. तो बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलतो. आतला पत्रा कापला की गाडी नुसती ओरडते, पळत नाही.

मेगाफोन आणि डॉल्फिन हे दोन्ही दिसायला देखणे. मेगाफोनमध्ये आत जाळी-लोकर असेल तर गोल्डस्टारचाच जरा तिखट भाऊ. डॉल्फिन मी फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांवर ऐकलाय, कानाला किरटा वाटला. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडं नाही.

६५० वाल्यांसाठी

इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीचं गणितच निराळं. दोन सिलिंडर, ६४८ सीसी, पण क्रँक २७० अंशाचा. म्हणजे एक ठोका पडला की दुसरा २७० अंशांवर येतो आणि त्यानंतरचा ४५० अंशांवर. एक लवकर, एक उशिरा. घोड्याची दुडकी चाल असते ना, तशी लय. ही लय इतकी चांगली आहे की तिला फक्त थोडी मोकळीक द्यायची असते.

कंपनीचे दोन्ही सायलेन्सर भलतेच जड आहेत, काढून हातात घेतले की लगेच समजतं. आवाज सभ्य, जरा जास्तच दबलेला. इथं स्लिप-ऑनचा पर्याय खरोखर विचार करण्यासारखा आहे. स्लिप-ऑन म्हणजे पुढचे बेंड पाइप तेच ठेवून फक्त मागचे डबे बदलायचे. बेंड पाइप, त्यातला कॅटकॉन (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि ऑक्सिजन सेन्सर यांना हात लागत नाही. बेंगळुरूची रेड रूस्टर, अमेरिकेतली एस अँड एस सायकल असे बरेच जण या गाडीसाठी स्लिप-ऑन बनवतात. किमतीत प्रचंड अंतर आहे.

दाजींनी तीन जोड्या ऐकून एक घेतली. निवडताना त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार पटली: प्रत्येक जोडी डीबी किलर घालूनच ऐकली. डीबी किलर म्हणजे तोंडात बसणारी छोटी नळी, आवाज दाबणारी. पुष्कळ जण ती पहिल्याच दिवशी काढून टाकतात. पण डीबी किलर घातल्यावर जो पाइप चांगला वाजतो तोच खरा चांगला बनवलेला पाइप, कारण त्याची लोकर आणि नळी काम करतायत. काढल्यावर सगळेच एकसारखे भसाडे होतात. त्यांची जोडी जाड स्टेनलेस स्टीलची, लांबीला जरा जास्त. आखूड डब्यांची जोडी दिसायला झकास होती, पण चार हजार आरपीएमच्या वर फाटल्यासारखी वाजायची. डब्याचं पोट लहान असलं की खालचा सूर राहायला जागाच नसते.

जे-सिरीज आणि बीएस६: ठेवा आहे तेच

चुलतभावाला मी जे सांगितलं तेच इथं सांगतो. नव्या क्लासिक, बुलेट, मीटिओर, हंटर यांचा कंपनीचा सायलेन्सर चांगला आहे. तो आवाज इंजिनासोबतच घडवलेला आहे, ठोका खोल आहे, आणि बॅलन्सर असूनही त्यात दम आहे. मोकळा पाइप लावला तर इंजिनाचा खटखटाट आणि हवेचा आवाज वर येतो, ठोका वाढत नाही. त्यानं तरी एक लावून बघितलाच. दोन महिन्यांनी परत ओरिजिनल.

बीएस६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात. सेन्सर बाहेर जाणारी हवा वाचून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. कुठला भाग कुठं आहे ते मॉडेलप्रमाणं बदलतं. त्यामुळं ‘आतली जाळी काढून देतो, आवाज भारी येईल’ असं कुणी म्हणालं तर गाडीची किल्ली परत मागा. त्या जाळीत, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे महाग धातू असतात. काढून दिलेली जाळी भंगारात चांगल्या भावानं जाते, आणि तुमची गाडी कायमची जास्त धूर सोडते. प्रदूषणाचं सर्टिफिकेट, वॉरंटी, सगळ्याचीच अडचण.

कायदा, सरळ शब्दांत

इथं मला पोटातलं ओठावर आणलं पाहिजे. वर ज्या गोल्डस्टारचं मी कौतुक केलं तो बाजारातला गोल्डस्टार रस्त्यावर कायदेशीर नाही. भावानं तो अखेर उतरवला त्याचं कारण लोकर नव्हती, कारण हे होतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ मापापेक्षा वेगळा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२): पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. चौकात पावती किती रुपयांची फाटते ते वेगळं. पण पाइप जप्त होऊन रोड रोलरखाली गेल्याचे फोटो राज्यातल्या अनेक शहरांतून आलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत.

कंपनीतून निघताना १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला ८० डेसिबलची मर्यादा आहे, साडेसात मीटर लांबून मोजलेली. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची हद्द ४५ डेसिबल. हे आकडे शेजारी ठेवले की कळतं, कंपनीची गाडीसुद्धा रात्रीच्या गल्लीला जडच आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

नियमात बसून आवाज बदलायचा मार्ग एकच: गाडीच्या कंपनीनं त्याच मॉडेलसाठी मंजूर करून विकलेला सायलेन्सर. २०१९ मध्ये रॉयल एनफिल्डनं ३५० आणि ५०० साठी नियमात बसणारे वेगवेगळ्या आकाराचे सायलेन्सर अ‍ॅक्सेसरी म्हणून काढले होते. यूसीईवाल्यांनी आधी तसा कुठं मिळतोय का ते शोधावं, शोरूमला विचारावं आणि बिल गाडीच्या कागदांसोबत ठेवावं. भावाच्या गाडीवर आता तसाच आहे. गोल्डस्टारच्या तुलनेत दोन आणे कमी वाजतो, पण सूर खालचाच आहे. बाजारातल्या बऱ्याच स्लिप-ऑनच्या खोक्यावर ‘फक्त ट्रॅकसाठी’ असं छापलेलं असतं. ते वाचा. दाजी त्यांची जोडी फक्त ट्रॅक डेला चढवतात, एरवी कंपनीचे जड डबे परत लावतात. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणतात.

घेताना आणि बसवताना

टॉर्च घेऊन जा. मागच्या तोंडातून उजेड टाकला आणि थेट दुसऱ्या टोकाचा गोल दिसला, कडेला भोकं दिसली, तर जाळीचा पाइप. भोकं नसतील तर पोकळ. काही दिसलं नाही तर कप्प्यांचा. मिस्त्री सायकलची एक तार सरळ करून आत घालून बघतात, किती आत जाऊन अडते त्यावरून कप्पे मोजतात. मग बोटाच्या पेरानं मध्यावर टकटक करा. भरीव ‘थड’ यायला पाहिजे. ‘टण’ वाजला तर पत्रा पातळ आहे, आणि तो टण रस्त्यावर शंभरपट होऊन ऐकू येईल. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर क्रोम केलेला साधा पत्रा घेऊच नका, खारी हवा त्याला दोन-तीन पावसाळ्यांत खाते. स्टेनलेस घ्या. खालच्या बाजूला पाणी निघायचं बारीक भोक आहे का बघा.

बसवताना पॅकिंग नवंच घ्या, जुनं दाबलं गेलेलं असतं. क्लॅम्प आणि मागचा ब्रॅकेट आधी सैल लावायचा, पाइप आपसूक सरळ बसू द्यायचा, मग पुढून मागं आवळत यायचं. ताणून बसवलेला सायलेन्सर ब्रॅकेटशी चिरतो. पन्नास किलोमीटर झाले की, इंजिन थंड असताना, सगळे नट पुन्हा एकदा आवळा.

आणि उतरवलेला ओरिजिनल भंगारवाल्याला देऊ नका, मेकॅनिककडंही सोडू नका. आतलं पाणी उलटा करून काढा, एक दिवस उन्हात ठेवा, दोन्ही तोंडांत तेलाचं फडकं कोंबा, बाहेरून ग्रीसचा हात फिरवा आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाका. आमचा असाच सहा वर्षं माळ्यावर होता. परत लावला तेव्हा पहिल्या किकला थोडा धूर आला, मग नेहमीसारखा वाजायला लागला.